पिशवीतून बाहेर, तीन किलोपर्यंत

रविवारची पुरवणी घरात किती दिवस टिकते? सकाळी चहाबरोबर ती नुसती चाळली जाते. दुपारी जेवणं आटोपून जरा आडवं झालं की एखादा लेख सावकाश वाचून होतो. एखादी पाककृती आवडली तर तेवढा चौकोन कात्रीनं कापून वहीत जातो. मग सोमवारी कुणीतरी डब्यांच्या फळीवर तो कागद अंथरतं, नाहीतर मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला तो कामी येतो आणि उरलेला गठ्ठा महिनाअखेरीला रद्दीवाल्याच्या तराजूत. बायकांच्या पानांचं नशीब साधारण एवढंच, असं आपणही मनातल्या मनात धरून चालतो.

पण बायकांसाठी छापलेल्या अशाच एका पानानं एकदा फार मोठं काम करून ठेवलं आहे. गोष्ट आपल्याकडची नाही, ऑस्ट्रेलियातली आहे. साल १९७३. क्वीन्सलंड राज्याच्या मध्यभागी, आत रानाकडे, डिंगो नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे शेतांना, चराऊ कुरणांना तारेचं कुंपण घालून देण्याची कामं घेणारा एक कंत्राटदार होता. 'वुमन्स डे' या स्त्रियांच्या नियतकालिकातला एक लेख त्याच्या वाचनात आला. ऑस्ट्रेलियातून नामशेष झालेल्या प्राण्यांबद्दल तो लेख होता. कंत्राटदारानं त्यातला एक प्राणी पाहिला आणि तो चक्रावलाच. हा प्राणी नामशेष? अरे, हा तर आपल्या कामाच्या जागी झुडपांतून टुणटुण उड्या मारत जातो!

त्यानं ते वन्यजीव खात्याच्या कानावर घातलं. तज्ज्ञ आले, त्यांनी खात्री करून घेतली, आणि खरंच तो तोच निघाला. १९३७ नंतर ज्याची एकही पक्की नोंद नव्हती, तब्बल ३६ वर्षं जो पुस्तकात मेलेला होता, तो प्राणी जिवंत होता. एवढ्या वर्षांत त्या भागातल्या कितीतरी लोकांच्या नजरेस तो पडला असेल. पण तो कोण आहे आणि त्याची किंमत काय, हे कुणाला माहीतच नव्हतं. ते कळलं मासिकाच्या एका पानामुळे.

नवरी नव्हे, लगामवाली

या प्राण्याचं नाव आहे ब्रायडल्ड नेलटेल वॉलबी. वॉलबी म्हणजे कांगारूचं धाकटं भावंड म्हणा ना. तीच ठेवण, तेच मोठे मागचे पाय, तीच पोटाची पिशवी, फक्त अंगानं लहान. नावातल्या 'ब्रायडल' शब्दावरून तुम्हाला गल्लीतल्या ब्युटी पार्लरची पाटी आठवली असेल, पण इथे नवरीचा काही संबंध नाही. इंग्रजीत घोड्याच्या लगामालाही ब्रायडलच म्हणतात, फक्त स्पेलिंग वेगळं. या वॉलबीच्या मानेमागून एक पांढरी रेघ निघते आणि दोन्ही खांद्यांवरून खाली पुढच्या पायांमागे उतरते, अगदी लगाम घातल्यासारखी. गालावरही एक पांढरा पट्टा. आणि 'नेलटेल' कशासाठी? तर शेपटीच्या अगदी टोकाला, केसांत दडलेलं, एक छोटंसं नख असतं. चार-पाच मिलिमीटरचं. ते कशासाठी आहे, याचं उत्तर शास्त्रज्ञांनाही अजून मिळालेलं नाही.

मादी चार-पाच किलोची, नर थोडा थोराड, सात-आठ किलोपर्यंत जाणारा. पळताना हे प्राणी पुढचे दोन्ही हात बाजूला काढून गोल गोल फिरवतात. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जसा खुंट्याबरोबर फिरतो ना, तसंच काहीसं. दिवसभर झुडपाखाली जमीन थोडी उकरून केलेल्या खळग्यात पडून राहायचं आणि अंधार पडला की कोवळी पानं, गवत खायला बाहेर पडायचं, असा यांचा दिनक्रम. स्वभाव एकलकोंडा, कळप वगैरे भानगड नाही. जॉन गुल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १८४० च्या सुमारास या वॉलबीची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली. त्या काळात क्वीन्सलंडपासून खाली न्यू साऊथ वेल्सपर्यंत, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या आतल्या मोठ्या पट्ट्यात ती सर्रास दिसायची.

मग असं काय झालं, की शंभर वर्षांत ती दिसेनाशीच व्हावी?

एक घाव नव्हे, अनेक

संसार मोडतो तो एकाच कारणानं क्वचित. प्राण्यांचंही तसंच. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथे मेंढ्या आणि गुरं आणली. कांगारू आणि वॉलबी आपल्या जनावरांचं गवत खातात म्हणून त्यांना शत्रू ठरवलं गेलं. १८७७ मध्ये क्वीन्सलंडमध्ये चक्क कायदा झाला, त्याचं नावच होतं 'मार्सुपियल डिस्ट्रक्शन ॲक्ट', म्हणजे पिशवीवाल्या प्राण्यांच्या नाशाचा कायदा. मारलेल्या जनावराच्या डोक्याची कातडी आणून दाखवली की सरकार इनाम देत असे. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्या एका राज्यात कांगारू कुळातले अडीच कोटींहून जास्त प्राणी मारले गेले. त्यात ही छोटी वॉलबीही होती. तिच्या मऊ कातडीलाही मागणी होती.

दुसरीकडे, शिकारीची हौस भागवायला युरोपातून कोल्हे आणून सोडले. घराघरांतून आलेली मांजरं पळून रानटी झाली आणि देशभर पसरली. आपलं मांजर दारात म्यांव करतं तेव्हा गरीब वाटतं. पण ऑस्ट्रेलियात मांजर हा प्राणी मुळात नव्हताच. तिथल्या छोट्या प्राण्यांना त्याच्यापासून जीव कसा वाचवायचा, हे पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीतून येणारं शहाणपण कधी मिळालंच नव्हतं.

आणि तिसरा घाव घराचा. या वॉलबीचं घर म्हणजे ब्रिगॅलो नावाच्या झाडांचं दाट रान. ब्रिगॅलो ही आपल्या बाभळीच्या गोतातलीच. शेजारी मोकळं गवत आणि मागे दाट झुडूप, अशी जागा तिला लागते. अंगणात खायचं आणि चाहूल लागली की माजघरात शिरायचं, असा हिशेब. १९६० नंतर सरकारच्याच योजनेतून त्या भागातलं हे रान शेतीसाठी आणि गुरांसाठी साफ करायला सुरुवात झाली. दोन बुलडोझरच्या मध्ये जाड साखळदंड बांधायचा आणि दोघांनी एकदम पुढे जायचं, की मधली झाडं मुळासकट आडवी. ब्रिगॅलोचं नव्वद टक्क्यांहून अधिक रान आज उरलेलं नाही. कंत्राटदाराला ती वॉलबी दिसली, तेव्हा तिच्याभोवतीचं रान हे असं झपाट्यानं कमी होत होतं. आणखी काही वर्षं तो लेख कुणी वाचलाच नसता, तर पुढे वाचूनही काही उपयोग झाला नसता.

सुदैवानं या वेळी सरकार हललं. १९७९ पासून पुढच्या काही वर्षांत क्वीन्सलंड सरकारनं डिंगोजवळची ती कुरणं विकत घेतली. सुमारे अकरा हजार हेक्टरचं ते क्षेत्र आज टाँटन राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखलं जातं. हौशी पर्यटकांना तिथे प्रवेश नाही. ते उद्यान वॉलबीसाठी आणि तिचा अभ्यास करणाऱ्यांसाठी राखलेलं आहे.

बाळंतपण तेवीस-चोवीस दिवसांचं

आता मुख्य गोष्टीकडे येते, म्हणजे हिच्या बाळंतपणाकडे. कारण या प्राण्याला वाचवायचं कसं, याचं उत्तर शेवटी तिथेच सापडलं.

आपल्याकडे 'पिशवी' म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे गर्भपिशवीच येते. 'तिची पिशवी काढली', असं आपण किती सहज म्हणतो. कांगारू आणि वॉलबीची पिशवी ती नव्हे. गर्भाशय त्यांना आत वेगळं असतंच. ही पिशवी बाहेर, पोटावर असते, कातडीच्या घडीची, आतून ऊबदार, आणि तिच्यात चार स्तनाग्रं. शास्त्राच्या पुस्तकात तिला 'शिशुधानी' असा छान शब्द आहे.

या वॉलबीला दिवस राहतात ते फक्त तेवीस-चोवीस. आपल्याकडे तर एवढ्या दिवसांत दिवस गेल्याची शंकाही धड आलेली नसते! जन्माला येणारं पिल्लू शेंगदाण्याएवढं असतं, वजन एक ग्रॅमही भरत नाही. डोळे मिटलेले, कान नाहीत, अंगावर एक केस नाही, मागचे पाय म्हणजे नुसते फुगवटे. पण पुढचे दोन हात मात्र तयार असतात, इवल्या इवल्या नखांसकट. जन्मल्या क्षणी या जिवाला एक प्रवास करायचा असतो, आईच्या पोटावरचे केस धरत धरत पिशवीपर्यंत चढायचं. आई त्याला उचलून ठेवत नाही. ते आपलं आपण चढतं, पिशवीत शिरतं, एक स्तनाग्र शोधून तोंडात घेतं. स्तनाग्र त्याच्या तोंडात फुगतं, त्यामुळे आई उड्या मारत पळाली तरी ते सुटत नाही.

शेजारच्या वहिनींना हे सांगत होते तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बघा, पोटात तीन आठवडे आणि खरं बाळंतपण पुढे पिशवीत!" अगदी बरोबर. आपलं बाळ आईच्या पोटात नाळेतून जे मिळवतं, ते हे पिल्लू पिशवीत दुधातून मिळवतं. पिल्लू जसं वाढतं तसं दूधही बदलत जातं. सुरुवातीला पातळ, पुढे दाट, स्निग्ध. कांगारू कुळातल्या आया तर कधी कधी एकाच वेळी दोन वेगळ्या वयांच्या पिल्लांना दोन वेगळ्या स्तनाग्रांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध देतात. धाकट्याला वरणाचं पाणी आणि थोरल्याला मऊ भात, एकाच चुलीवर!

साधारण चार महिने, म्हणजे एकशेवीस दिवसांच्या आसपास, पिल्लू पिशवीत राहतं. एका वेळी एकच पिल्लू. पण या वॉलबीला ठरावीक मोसम नाही. चारापाणी बरं असेल तर वर्षभर वीण चालू राहते आणि मादी वर्षात तीन पिल्लंही वाढवू शकते. लेकीसुद्धा फार लवकर वयात येतात, पिशवी सोडल्यावर थोड्याच काळात. हिशेब मांडला तर संख्या भराभर वाढायला हवी. बाळं होतायत, दूध आहे, राखीव जागा आहे. मग टाँटनला जागा दिल्यावरही हा प्राणी धोक्याच्या यादीतून बाहेर का येईना?

लपवून ठेवलेलं लेकरू

उत्तर पिशवीच्या बाहेर होतं. पिशवी सोडल्यावर पुढच्या काळात ही आई काय करते, याचा बारकाईनं अभ्यास डायना फिशर या शास्त्रज्ञ बाईंनी टाँटनमध्ये केला. मोठ्या कांगारूंचं पिल्लू पिशवीतून उतरलं तरी आईच्या पायात पायात असतं, भीती वाटली की पुन्हा पिशवीत तोंड खुपसतं. या वॉलबीचं तसं नाही. ती आपल्या पिल्लाला दाट झुडपात लपवते आणि स्वतः लांब चरायला जाते. पिल्लू तिथे हू की चू न करता पडून राहतं. आई परत येते, दूध पाजते, पुन्हा जाते.

यात आईचा निष्काळजीपणा नाही बरं का. शेतावर कामाला जाणारी बाई बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधून बाळ ठेवते, तिला आपण निष्काळजी म्हणतो का? आई आणि पिल्लू दोघं मोकळ्यावर दिसली तर गरुडाच्या नजरेत येतात. पिल्लू झुडपाखाली निपचित पडलं तर वरून दिसत नाही. मोठ्या वॉलबीसुद्धा धोका जाणवला की जमिनीला पोट टेकून, मान लांब करून निश्चल पडून राहतात. हजारो वर्षं ही युक्ती त्यांना पुरली.

पण मांजर वरून बघत नाही. मांजर झुडपाखालून, वास घेत, दबक्या पावलांनी येतं. आणि निपचित पडलेलं पिल्लू त्याला आयतंच सापडतं. आईनं पोटच्या गोळ्यासाठी शोधलेली सगळ्यात सुरक्षित जागा हीच सगळ्यात घातक ठरली. पिशवीतली पिल्लं जगत होती, मोठ्या वॉलबीही बऱ्यापैकी टिकत होत्या. मरत होती ती मधल्या वयाची, पिशवीतून बाहेर पडलेली पण अजून पुरती न वाढलेली पिल्लं. त्यामुळे म्हाताऱ्या होत जाणाऱ्या वॉलबींच्या जागी यायला नवी पिढीच तयार होत नव्हती.

रानमांजराचं वजन साधारण तीन ते पाच किलो. आपल्यापेक्षा वजनदार जनावराच्या वाटेला ते सहसा जात नाही. म्हणजे वॉलबीचं पिल्लू एकदा तीन किलोच्या वर गेलं, की त्याचा धोका बराच उतरतो. तीन किलो! आपल्याकडे दवाखान्यातून फोन येतो, "मुलगी झाली, तीन किलोची आहे, दोघी सुखरूप," आणि सगळं घर सुटकेचा श्वास सोडतं. आपल्या लेकीच्या नशिबी जो आकडा जन्मालाच येतो, तो गाठेपर्यंत या पिल्लाला महिनोन्महिने झुडपाखाली जीव मुठीत धरून काढावे लागतात.

बालवाडीचं कुंपण

हे लक्षात आल्यावर एक साधीच कल्पना पुढे आली. सगळ्या रानातून मांजरं हटवणं अशक्यप्राय. सगळ्या वॉलबी कायमच्या कुंपणात कोंडायच्या तर मग त्या रानातल्या कसल्या? मग फक्त मधल्या वयातल्या पिल्लांनाच तेवढे दिवस सांभाळलं तर?

क्वीन्सलंडमध्येच एमराल्ड गावाच्या दक्षिणेला ॲव्होसेट नावाची जागा आहे. ती एका खाजगी गुराढोरांच्या फार्मवर राखून ठेवलेली निसर्गभूमी आहे. तिथे पूर्वी सोडलेल्या वॉलबींपैकी २०१५ मध्ये उरल्या होत्या अंदाजे १६. बोटांवर मोजाव्यात एवढ्या. तिथे साधारण नऊ हेक्टर, म्हणजे वीस-बावीस एकर जागेला मांजराला ओलांडता येणार नाही असं कुंपण घातलं गेलं. आत तेच गवत, तीच झुडपं. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या अलेक्झांड्रा रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. पद्धत अशी, की बाहेर सापळ्यात जिवंत पकडलेली, तीन किलोपेक्षा कमी वजनाची पिल्लं या कुंपणात आणून सोडायची. ती आपली आपण चरतील, लपतील, वाढतील. वजनाचा काटा तीन किलोच्या पुढे गेला, की पुन्हा रानात.

तीन वर्षांत अशी ५६ पिल्लं कुंपणात वाढवली गेली. त्यातली ८९ टक्के सुखरूप मोठी होऊन रानात परत सोडता आली. आणि ॲव्होसेटमधल्या वॉलबींची संख्या १६ वरून २०१८ पर्यंत अंदाजे ४७ वर गेली. आकडा लहान वाटेल. पण जिथे दरवर्षी उतरतीच कळा होती, तिथे तीन वर्षांत जवळपास तिप्पट झाली, हे लहान नाही.

यातलं मला सर्वांत पटलं ते असं, की इथे कुणी आईची जागा घ्यायला गेलं नाही. बाळंतपण तिचं, पिशवी तिची, दूध तिचं. माणसानं फक्त तेवढा एक टप्पा ओळखला, जिथे तिची युक्ती कमी पडत होती, आणि तेवढ्यापुरतं कुंपण धरलं. सुनेच्या हाताशी थांबावं पण तिच्या हातातलं काम ओढून घेऊ नये, हे शहाण्या सासूला जसं कळतं, तसं.

अजून संपलेलं नाही

दुसऱ्या वाटेनंही काम झालं. दुब्बो इथल्या वेस्टर्न प्लेन्स प्राणिसंग्रहालयात या वॉलबींची पैदास केली गेली. न्यू साऊथ वेल्समधल्या स्कॉशिया अभयारण्यात ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं आठ हजार हेक्टरला कुंपण घातलं, आतले कोल्हे आणि मांजरं पूर्ण हटवली आणि तिथे या वॉलबी सोडल्या. त्या तिथे चांगल्या फोफावल्या. २०१९ मध्ये त्याच राज्यातल्या पिलिगाच्या जंगलात, कुंपण घातलेल्या भागात, त्यांना नवं घर मिळालं.

म्हणून सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. मोठा दुष्काळ पडला की कुंपणातली संख्याही घसरते, कारण गवतच नसतं. मोकळ्या रानात मांजरं आहेतच. आणि एक नवा शत्रू आहे, तो ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गवत! बफेल नावाचं हे गवत ऑस्ट्रेलियात गुरांसाठी मुद्दाम पेरलं गेलं. ते आपल्या ओळखीचंच आहे. आपल्याकडे कोरडवाहू भागात चांगला चारा म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते अंजन गवत ते हेच. आपल्या मातीत ते गुणी आहे. तिथे मात्र ते सगळीकडे माजलं. वॉलबीला लागणाऱ्या कोवळ्या, रुंद पानांच्या वनस्पतींना ते जागाच देत नाही, आणि वाळलं की असं भडकून पेटतं, की ब्रिगॅलोच्या उरल्यासुरल्या रानात आग आत घुसते. टाँटनमध्ये मांजरांइतकीच या गवताचीही चिंता आहे. एका घरचं गुणाचं माणूस दुसऱ्या घरी कसं वागेल, सांगता येत नाही, तसंच झालं म्हणायचं.

म्हणजे १९७३ साली सापडलेला हा प्राणी आजही मोजक्या ठिकाणीच आहे, आणि त्यातलं प्रत्येक ठिकाण कुणीतरी रोज राखतंय म्हणूनच आहे. कुंपणाची तार तुटली का, सापळ्यात काय आलं, पिल्लाचं वजन किती भरलं, गवत कुठपर्यंत पसरलं, हे रोज बघावं लागतं. घरकामासारखंच हे. केलेलं दिसत नाही, न केलेलं लगेच दिसतं.

आणि आपल्याकडे?

एवढ्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण हरवलेलं सापडल्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडलेली आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणा पक्षितज्ज्ञाला सापडलंच नव्हतं, ते संपलं असंच सगळे धरून चालले होते. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी ते शोधत आले आणि आपल्या शहाद्याजवळच्या रानात त्यांना ते दिसलं. ११३ वर्षांनी! शहाद्याच्या आसपासच्या कुणी लाकूडफाटा आणायला जाताना त्याला त्याआधी पाहिलंच नसेल, असं मला तरी वाटत नाही. पाहिलं असेल, आणि "पिंगळा दिसतोय" म्हणून पुढे गेल्या असतील. तो कोण आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

डिंगो गावच्या त्या कंत्राटदाराकडे दुर्बीण नव्हती, पदवी नव्हती. रोजच्या कामाच्या जागेची ओळख होती आणि हातात एक वाचलेलं पान होतं. दोन्ही एकत्र आलं म्हणून काम झालं.

रोजच्या जागेची ओळख तर आपल्यालाही असते. मळ्याच्या वाटेवर, परसात, गावाबाहेरच्या ओढ्याकाठी कोण येतं-जातं, यंदा कोण दिसलं नाही, हे पुरुषांआधी आपल्याच लक्षात येतं. म्हणून एक करा. आजचं हे पान फळीवर अंथरण्याआधी घरातल्या मुलांना एकदा वाचून दाखवा. आणि मग त्यांना विचारा, आपल्या घराभोवती कोणकोणते पक्षी-प्राणी दिसतात, त्यांची नावं सांगा बरं. जितकी येतील तितकी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ज्याचं नाव कुणालाच आलं नाही, त्याच्यापुढे खूण करा आणि शाळेतल्या बाईंना विचारून या म्हणावं.